रोज रात्री एक पुडी

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात मावशी दवाखान्यात आल्या, त्या तोंडाला चव नाही म्हणून. लालबागच्या, वय ७१, वजन ५४ किलो. पंधरा वर्षांची ओळख, त्यामुळे केसपेपर काढायच्या आधीच गप्पा सुरू. चाळ पाडून टॉवर झाला, चौदाव्या मजल्यावर घर मिळालं, गॅलरी गेली, खाली उतरणं कमी झालं. "डॉक्टर, पोट साफ होत नाय, जेवण नको वाटतं." मी पोट तपासलं, बीपी पाहिलं (१५०/८६, थोडं वरच), इसबगोल आणि ॲसिडिटीची गोळी लिहिली आणि पाणी भरपूर प्या म्हणून सांगितलं. यातला पाण्याचा सल्ला तेवढा बरोबर होता, तोही चुकून.

दहा दिवसांनी सून घेऊन आली. आता तहान फार लागत होती, रात्रीतून सहा-सात वेळा लघवीला उठावं लागत होतं. घरात सगळ्यांच्या मनात एकच, साखर. बोटातून रक्त काढून पाहिलं तर ११२, म्हणजे साखर नव्हे. मग लघवीला जंतुसंसर्ग असेल असं धरून मी अँटिबायोटिक सुरू केलं. काट्यावर वजन ५० भरलं. ते मी केसपेपरवर व्यवस्थित लिहिलं आणि पुढे काहीच केलं नाही. दहा दिवसांत चार किलो वजन उतरलेली बाई समोर बसली आहे आणि डॉक्टर लघवीच्या रिपोर्टची वाट पाहतोय, हे आज तो कागद बघताना मला टोचतं.

तिसऱ्यांदा आल्या त्या मुलाच्या हाताला धरून, अर्धवट झोपेत असल्यासारख्या. सकाळ आहे की संध्याकाळ, असं दोनदा विचारलं. आदल्या दिवशी देवापुढचा दिवा दोनदा लावला होता, आणि लावल्याचं आठवत नव्हतं. वयोमानाने विसर पडतो, पण तो आठ दिवसांत पडत नाही. सोडियम, पोटॅशियम आणि किडनीसाठी क्रिएटिनिन लिहिताना सवयीने कॅल्शियमही लिहिलं. संशय आला म्हणून लिहिलं, असं सांगायला मला आवडलं असतं.

संध्याकाळी लॅबचा फोन आला. कॅल्शियम १४.१. साधारण ८.५ ते १०.५ असावं लागतं. अल्ब्युमिन, म्हणजे कॅल्शियम धरून ठेवणारं रक्तातलं प्रथिन, ३.६ होतं, त्याचा हिशेब धरला की खरा आकडा १४.४. क्रिएटिनिन २.३, मागच्या मार्चमध्ये ०.९ होतं. चौदाच्या वर गेलेलं कॅल्शियम उद्यावर टाकता येत नाही. त्याच रात्री परळच्या बाजूच्या एका रुग्णालयात भरती केलं.

कॅल्शियम इतकं वाढलं की वॉर्डात पहिला शब्द येतो तो कॅन्सर. भरती झालेल्या रुग्णांमध्ये ते सर्वांत नेहमीचं कारण, त्यामुळे तो शोध घ्यावाच लागतो. मुलाने तो शब्द कॉरिडॉरमध्ये ऐकला आणि रात्री साडेअकराला मला फोन केला. बाकी यादीत मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कॅन्सर) होता, मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथीची गाठ होती, आणि मुंबई असल्यामुळे टीबी होताच. टीबीचा विचार इथे नुसत्या सवयीचा नव्हता. टीबीच्या गाठींमधल्या पेशी स्वतःच ड जीवनसत्त्व सक्रिय करू लागतात आणि त्यातून कॅल्शियम चढू शकतं. छातीचा एक्सरे स्वच्छ आला. मायलोमासाठी केलेली प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीही ठीक. ईसीजीत हृदयाच्या ठोक्यातलं क्यूटी नावाचं अंतर आखूड झालेलं होतं, ते वाढलेल्या कॅल्शियमशी जुळतं.

दुसऱ्या दिवशी पॅराथायरॉइड हार्मोनचा रिपोर्ट आला: ५. साधारण १५ ते ६५ च्या घरात हवा. म्हणजे ग्रंथीने कॅल्शियम वाढवलेलं नव्हतं, उलट ते वाढलेलं बघून ती गप्प बसली होती. मग ड जीवनसत्त्वाचं रक्त पाठवलं. लॅबचं यंत्र म्हणालं, "१५० नॅनोग्रॅमपेक्षा जास्त". नमुना पातळ करून पुन्हा मोजायला सांगितलं, तेव्हा आकडा आला ३१२.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे पुडी आली. नोव्हेंबरमध्ये सोसायटीत तपासणी शिबिर झालं होतं, त्यात मावशींचं ड जीवनसत्त्व १४, म्हणजे कमी, निघालं होतं आणि शिबिराच्या डॉक्टरांनी त्याच्याच साठ हजारच्या पुड्या लिहिल्या होत्या, एवढं मला माहीत होतं. कारण मावशींनी तो रिपोर्ट मला कौतुकाने दाखवला होता. मी सुनेला सांगितलं, घरातली सगळी औषधं, स्वयंपाकघरातलीसुद्धा, एका पिशवीत घालून घेऊन या.

पिशवी वॉर्डातल्या पलंगावर रिकामी केली. बीपीची गोळी, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली. कॅल्शियमच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ. गुडघ्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबत एका इंजेक्शनचं बिल. न्यू जर्सीच्या मुलीने दिवाळीला आणलेली, हाडांसाठीच्या मऊ कॅप्सूलची मोठी बाटली. आणि चहाच्या जुन्या डब्यात तीन पुड्या.

"मावशी, ही पुडी कधी घेता?"

"रोज रात्री. दुधातून."

शिबिराच्या चिठ्ठीवर इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं होतं, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. केमिस्टने आठ पुड्या दिल्या आणि तोंडी सांगितलं, रात्री दुधातून घ्या. आठवड्याचा शब्द त्या काउंटरवर कुठेतरी पडून गेला. आठ दिवसांनी पुड्या संपल्या. मावशींनी नातवाला सांगितलं, नातवाने मोबाइलवरून मागवल्या. पुन्हा संपल्या, पुन्हा मागवल्या. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानातून आणल्या. कोणी चिठ्ठी मागितली नाही. नातवाच्या ॲपमधल्या ऑर्डरी आणि दुकानाची बिलं जुळवली तर सगळ्या मिळून ६८ पुड्या झाल्या. तीन डब्यात, म्हणजे ६५ पोटात. २० नोव्हेंबर ते २३ जानेवारी, एकही रात्र न चुकता.

मावशींना याबद्दल कोणी बोललं की मला राग येतो. त्यांचं म्हणणं असं: "बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या. ही एकटीच आठवड्याची कशी असेल? आणि दूध तर मी रोजच पिते." यात चूक काय आहे? पन्नास वर्षं औषध म्हणजे रोज, हेच आपण त्यांना शिकवलं. बीपीची गोळी एक दिवस चुकवली तरी ओरडणारा मीच.

आता हिशेब मांडू. ड जीवनसत्त्व मोजायचं परिमाण म्हणजे आंतरराष्ट्रीय एकक, बोलताना आपण आययू म्हणतो. ४० आययू म्हणजे १ मायक्रोग्रॅम. साठ हजारच्या ६५ पुड्या म्हणजे ३९ लाख. गुडघ्याच्या डॉक्टरांनी नोव्हेंबरच्या मध्यावर दिलेलं इंजेक्शन ६ लाखांचं. त्यांना शिबिराची पुडी माहीत नव्हती, शिबिराला इंजेक्शन माहीत नव्हतं, आणि मला पुडी माहीत असून मी कधी विचारलं नाही. मुलीच्या बाटलीतली कॅप्सूल ५,००० ची, रोज एक, ६५ दिवसांचे सव्वातीन लाख. कॅल्शियमच्या गोळीत २५० आययू असतातच, दिवसाला दोन गोळ्या म्हणजे ३२,५००. एकूण ४८ लाख ५७ हजार ५००. दिवसाला साधारण ७५ हजार. चिठ्ठी जशी लिहिली होती तशी पाळली असती तर आठ आठवड्यांत ४ लाख ८० हजार झाले असते. म्हणजे जवळपास तेवढ्याच काळात दसपट.

वजनात सांगायचं तर ते सगळं मिळून १२१ मिलिग्रॅम भरतं. मिठाची चिमूटसुद्धा यापेक्षा जड असते. इथेच आकड्यांची गंमत होते. बाटलीवर अमेरिकन पद्धतीने मोठ्या अक्षरांत १२५ मायक्रोग्रॅम छापलेलं होतं आणि पुडीवर ६०,०००. नातू शिकलेला, त्याने दोन्ही वाचलं आणि त्याला वाटलं, बाटलीतलं औषध किरकोळ आहे. एका पुडीत १,५०० मायक्रोग्रॅम असतं, बारा कॅप्सूलएवढं. पण परिमाण एक नसेल तर तुलना करणार कशी?

रोज किती चालतं, हा प्रश्न मला या प्रकरणानंतर सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी विचारला. प्रौढ माणसाला दिवसाला ६०० आययूची गरज धरतात. भारतातल्या २०२० च्या आहार शिफारशींतही तोच आकडा आहे. अमेरिकेत सत्तरीनंतर ८०० धरतात. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज घेता येईल अशी वरची मर्यादा ४,०००. भारत, अमेरिका आणि युरोप तिघांचाही आकडा हाच आहे. ही मर्यादा म्हणजे ध्येय नव्हे. लोकल डब्यात माणसं किती मावतील, तेवढी भरलीच पाहिजेत असं थोडंच आहे. आणि ती सगळं मिळून आहे: गोळी, पुडी, बाटली, इंजेक्शन आणि निळ्या 'एफ' चिन्हाच्या दुधातलंसुद्धा. दुधाचा वाटा मात्र नगण्य आहे. एका लिटरमध्ये २०० ते ३०० आययू घालतात, त्यामुळे दुधाला घाबरू नका.

आठवड्याची पुडी या मर्यादेत बसते का? नाही बसत. ६०,००० ला सातने भागलं तर दिवसाला ८,५७१ पडतात. तरीही ती दिली जाते, कारण कमतरता भरून काढायची असते, मुदत आठ आठवड्यांची असते आणि नंतर डोस खाली आणायचा असतो. काही डॉक्टर फार कमी पातळी असेल तर पहिले काही दिवस रोजही देतात. म्हणजे रोजची पुडी ही गोष्ट बाजारात अगदीच अनोळखी नाही, आणि म्हणूनच काउंटरवर कोणाला ती खटकत नाही. लहान बाळांना तर वरची मर्यादा पहिल्या सहा महिन्यांत १,००० आहे. त्यांचे थेंब ४०० चेही मिळतात, ८०० चेही. एका बाटलीचा ड्रॉपर दुसरीला लावला की झाला घोटाळा. पण तो विषय वेगळा.

शरीरात होतं ते असं. ड जीवनसत्त्व तेलात विरघळणारं, चरबीत साठणारं. लघवीवाटे ब किंवा क जसं निघून जातं तसं हे जात नाही. यकृत त्याचं जे रूप करतं, तेच आपण रक्तात मोजतो. यकृताला फारसा लगाम नाही, जेवढं येईल तेवढं ते बदलत राहतं. लगाम आहे तो मूत्रपिंडात, सक्रिय रूप तयार करण्याच्या शेवटच्या पायरीवर. पण यकृताचं रूप अतोनात साठलं की ते सक्रिय रूपाला वाहक प्रथिनावरून ढकलून मोकळं करतं आणि स्वतःही तेच काम करू लागतं. आतडं अन्नातलं कॅल्शियम ओढून घेतं, हाडांतलंही बाहेर पडतं. कॅल्शियम चढलं की मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नाही. म्हणून तहान, म्हणून लघवी, म्हणून शरीर कोरडं, आणि कोरड्या शरीरात कॅल्शियम आणखी चढतं. आतड्याचे स्नायू मंदावतात, पोट साफ होत नाही. मेंदूही मंदावतो. मावशींच्या तीनही भेटी या एका परिच्छेदात आहेत. मी त्यांना तीन वेगळे आजार समजत होतो.

वर दोन गोष्टी भर घालत होत्या. बीपीच्या गोळीतलं क्लोरथॅलिडोन लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवतं. एरवी उत्तम औषध आहे, मी शेकडो लोकांना देतो. इथे ते बाहेर जायच्या दाराला कडी लावून बसलं होतं. दुसरी गोष्ट मायेची. आई थकली म्हणून सून सकाळी नाचणीचं सत्त्व दुधात देत होती, आणि संक्रांतीचे तिळाचे लाडू तर घरभर होते. नाचणी आणि तीळ, दोन्ही कॅल्शियमने भरलेले. ज्याने हाडं बळकट व्हावीत म्हणून ते दिलं जात होतं, ते सरळ रक्तात जात होतं.

उन्हाने असं होत नाही, हे मला फार सुंदर वाटतं. त्वचेत तयार होणारं पूर्वरूप ऊन जास्त झालं की त्याच उन्हाने निरुपयोगी रसायनांत बदलतं. गच्चीवर दिवसभर पापड वाळवत बसलेल्या बाईला ड जीवनसत्त्वाची विषबाधा झाली, असं होऊ शकत नाही. तो ब्रेक बाटलीत नाही. आणि हाच पदार्थ उंदीर मारायच्या काही औषधांत वापरतात, त्याच कारणासाठी: कॅल्शियम चढवून. हे ऐकल्यावर मावशींच्या मुलाने बाटली माझ्याच टेबलावर ठेवून दिली, ती अजून तिथेच आहे.

उपचार लिहायला सोपे आहेत, झेपायला नव्हते. पुडी, कॅप्सूल, कॅल्शियम आणि बीपीची ती गोळी बंद. सलाईन, पहिल्या दिवशी तीन लिटर, हृदयाचा एको पाहून मग. कॅल्शियम उतरवणारी कॅल्सिटोनिनची इंजेक्शनं दोन दिवस. ती लवकर काम करतात आणि तितक्याच लवकर निष्प्रभ होतात. आतड्यातून कॅल्शियम शोषलं जाणं कमी व्हावं म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, ३० मिलिग्रॅमपासून. हाडांतून कॅल्शियम सुटणं थांबवणारं झोलेड्रोनिक ॲसिड मूत्रपिंडांची अवस्था बघून किडनीच्या डॉक्टरांनी टाळलं. पाचव्या दिवशी कॅल्शियम १२.२. सहाव्या दिवशी मावशींनी सुनेला विचारलं, माझा चष्मा कुठाय, आणि सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. नवव्या दिवशी १०.९ आणि क्रिएटिनिन १.६ वर घरी सोडलं.

दोन आठवड्यांनी कॅल्शियम पुन्हा ११.९. घरच्यांना वाटलं, कोणीतरी चोरून पुडी दिली. तसं काही नव्हतं. प्रेडनिसोलोनचा डोस खाली आणत होतो आणि चरबीत साठलेला माल हळूहळू बाहेर येत होता. डोस पुन्हा थोडा वाढवला, मग आठवड्या-आठवड्याने उतरवला. गोळी बंद केली की चार दिवसांत उतार पडतो, अशी आपली समजूत असते. इथे महिने लागतात. दूध, दही, पनीर, नाचणी, तीळ, सगळं तेवढ्यापुरतं कमी. लालबागच्या घरात सुकट चालू ठेवायची की नाही यावर एक संपूर्ण फोन झाला. छोटे मासे काट्यासकट खातात, म्हणजे कॅल्शियम. नाही म्हणून सांगावं लागलं, आणि माझ्यावरची मर्जी तेव्हा थोडी उतरली.

शिबिराच्या डॉक्टरांनी चुकीचं काही लिहिलं नव्हतं, हे इथे सांगायला हवं. ७१ व्या वर्षी, घराबाहेर न पडणाऱ्या बाईची पातळी १४ असेल तर उपचार करायलाच हवेत. माझा आक्षेप मोठ्या डोसच्या मोहावर आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या सव्वादोन हजारांवर स्त्रियांवर एक चाचणी झाली, २०१० साली तिचे निष्कर्ष आले. वर्षातून एकदा पाच लाख आययू दिलेल्या स्त्रिया न दिलेल्यांपेक्षा जास्त वेळा पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. कॅनडातल्या कॅलगरीमध्ये तीन वर्षं रोज ४००, ४,००० किंवा १०,००० देऊन पाहिलं, २०१९ मध्ये निकाल आला: दहा हजारवाल्यांच्या हाडांची घनता चारशेवाल्यांपेक्षा कमी भरली. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने, २०२४ मध्ये पन्नाशीपुढच्यांसाठी अधूनमधून मोठा डोस देण्यापेक्षा रोजचा छोटा डोस बरा म्हटलं आणि निरोगी माणसांची सरसकट तपासणी नको असंही सांगितलं. इथे मात्र संपूर्ण शरीर तपासणीच्या पॅकेजात ड जीवनसत्त्व असतंच. रिपोर्टवर तीसच्या खाली तारा छापून येतो, आणि तारा पाहिला की माणूस केमिस्टकडे वळतो.

माझ्या चिठ्ठ्यांत एक बदल झाला. आठवड्याची पुडी लिहायची वेळ आलीच तर मी मराठीत "सोमवारची पुडी" असं लिहितो, चार सोमवारच्या तारखा घालतो आणि चारच पुड्या देतो. महिन्याने माणूस परत यायला हवा. आणि रोजचा छोटा डोस चालत असेल तर तोच, कारण रोज घ्यायची सवय आपल्या लोकांना आहेच, तिच्याशी कशाला भांडा.

जूनमध्ये मावशींचे रिपोर्ट आले: कॅल्शियम ९.६, ड जीवनसत्त्व ६४, क्रिएटिनिन १.२. किडनी पूर्ण पहिल्यासारखी झाली नाही, ०.९ वर ती परत येईल असं मला वाटत नाही. बीपीसाठी आता अम्लोडिपिन आहे. चहाचा डबा सुनेने घासून परत चहासाठी घेतला. गुडघा मात्र नोव्हेंबरमध्ये दुखत होता तसाच दुखतो. एक्सरेत वाटी झिजलेली आहे. त्याला ना पुडीने फरक पडणार होता ना इंजेक्शनने. रोज दहा मिनिटं खुर्चीत बसून पाय सरळ करायचा व्यायाम दिलाय. मावशी तो करत नाहीत.